सायमनभाऊंची मोडकी भाकरी

आमच्या वरच्या मजल्यावरचे सायमनभाऊ कुणालाही फुकट जेवू घालत नाहीत. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस असो, नाहीतर चाकणला रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरलेला कामगार असो, त्याला हाताला धरून टेबलाशी बसवतात, आमटी वाढतात आणि मग बोट वर करतात, "फुकट नाय हं! कायतरी शिकवून जायचं."

संत तुकाराम नगरात माझा उभा जन्म गेला, पण असली पंगत कुठं पाहिली नाही.

बरं, शिकणाऱ्याला डोकं तरी असावं ना! लातूरच्या एका कामगारानं त्यांना गळक्या नळाचा वायसर बदलायला शिकवला. काही दिवसांनी तोच नळ, तोच वायसर, शिकवायला बिहारचा वेल्डर. भाऊ शेजारी उकिडवे बसून "अस्सं होय!" म्हणत मान डोलावतायत. आणि हा माणूस गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालाय! त्या गाड्या रस्त्यावर धावतात कशा, देव जाणे, असं मी म्हणायची.

देवाचं नाव निघालंच आहे तर सांगते. हे मूळचे नगरकडचे, कॅथलिक. जेवणाआधी प्रार्थना ठरलेली, आणि ती काही थोडक्यात आटपत नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, मग त्याच्या गावाकडच्या आईचं, मग बसच्या ड्रायव्हरचं. स्वतःचं तेवढं विसरतात. तोवर आमटी गार. एकदा त्या वेल्डरनं भुकेपायी मध्येच "आमेन" म्हणून टाकलं, तर भाऊ म्हणाले, "थांब, तुझ्या बहिणीचं लग्न राहिलं."

मी एकदा विचारलं, हे शिकवायचं खूळ कशाला? वाढायचं आणि गप्प बसायचं. तर म्हणाले, "वहिनी, देवानं माणसाला पोट दिलं, तशी मान बी दिली. पोट भरताना मान खाली जायला नको. आमच्या गावचे फादर हेच सांगायचे." चर्चमध्ये ऐकलेलं बोलतायत झालं, असं म्हणून मी सोडून दिलं.

पुढं आमचे हे गेले आणि माझी चूल थंडावली. एकटीसाठी कोण पीठ मळत बसतंय? सकाळी चहा-खारी, रात्री चहा-खारी. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. भाऊंनी जेवायला बोलावलं, मी सरळ नाही म्हटलं. साताऱ्याकडची बाई मी, दुसऱ्याच्या घरी रोज पाटावर जाऊन बसणाऱ्यातली नाही. त्यांनी परत बोलावलं, मी परत नाही म्हटलं.

मग एक दिवस ते पिठानं माखलेले हात घेऊन माझ्या दारात उभे. बायको, मार्था, जिवंत होती तोवर स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही म्हणाले, भाकरी काही केल्या जमत नाही, शिकवता का? आता शिकवायचं म्हटल्यावर मी कशाला मागं हटते!

तेव्हापासून रोज दुपारी मी वर. आणि काय त्या भाकरीची तऱ्हा! एकीला कड नाही, दुसरी परातीतच फाटली, तिसरी तव्यावर पडता पडता दुमडली. मी ओरडायची, ते "अस्सं होय!" म्हणायचे. शेवटी मीच चार थापायची आणि मास्तरीणबाईंच्या हक्कानं दोन खायची. वर्ष होत आलं, तरी शिष्याची प्रगती शून्य.

परवा बाजारातून येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन अनवाणीच जिना चढले, त्यामुळं पायांचा आवाज झाला नाही. वरचं दार नेहमीसारखं उघडंच. भाऊ पाठमोरे, भाकरी थापत होते. परातीत भाकरी गरगर फिरत होती, कड सगळीकडून सारखी. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आचेवर धरली आणि ती टम्म फुगली. मग ते रिकाम्या खुर्चीकडं वळले.

"मार्था, तुझे हात आखडले तवापासून थापतोय, पण आज तुझ्यासारखी जमली बघ. ही झाकून ठेवतो. वहिनी येतील आता. त्यांच्यापुढं मोडकीच थापायला पायजे, नायतर खाली जाऊन चहा-खारीच खातील."

हा माणूस रोज माझ्यासाठी भाकरी मोडत होता! नळाचं कोडंही तिथंच सुटलं. आणि आम्ही कुणी आलो नाही, तर या माणसाला बोलायला ती खुर्चीच आहे, हेही तेव्हाच कळलं. फार वाईट वाटलं मला.

तशीच पाय न वाजवता खाली आले. डोळे पुसले, तुटकी चप्पल पायात अडकवली आणि फटाक फटाक आपटत, खोकत पुन्हा वर चढले. आत भांड्यांची घाई ऐकू आली. पोचले तेव्हा परातीत फाटकी भाकरी, आणि भाऊंचा चेहरा नापास झाल्यासारखा.

"पाणी कमी पडलं," मी म्हणाले. "सरका तिकडं."

"उद्या याल ना, वहिनी?"

"यावंच लागणार. तुम्हाला या जन्मात काही जमायची नाही."

ताटं वाढली. भाऊंनी डोळे मिटले. माझं नाव झालं, आमच्या ह्यांचं झालं, लातूरवाल्याचं झालं, वेल्डरच्या बहिणीचं झालं. आमटी निवली. ते आता "आमेन" म्हणणार, तोच मी त्यांना अडवलं.

"थांबा," मी म्हणाले. "सायमनभाऊ राहिले."