मागच्या सीटवर कोणीच बसलं नव्हतं

काचीगुड्याच्या हिम्मतराव पेशकारांच्या मोटारीचे मागचे दोन्ही शॉकअप झिजले. बस्स, गोष्ट एवढीच! मागून दाबलं की गाडी आपली पाच-पाच वेळा वरखाली डुलायची. एरवी चाललं असतं हो, पण लेक सुशीला नवव्या महिन्यात माहेरी आलेली, दवाखाना मलकपेठेत, आणि गंगू दाईनं बजावलेलं, "मालक, पोरीला धक्का नक्को!"

हिम्मतराव भिडले. अंगणात जॅक लावला, चाकं काढली, गंजक्या बोल्टांना रॉकेल पाजलं, दुपारपर्यंत दोन्ही शॉकअप बाहेर! दाबले तर सायकलच्या जुन्या पंपासारखे फुस्सकन बसले. आता नवे आणायचे, तर परवाना हवा. पोलीस ॲक्शनला वर्ष होत आलेलं. जुन्या सरकारचा परवाना मेला होता, नव्याचा जन्मायचा होता.

सप्लायच्या हापिसात नागपूरकडचे नवे साहेब. त्यांनी शॉकअपकडे पाहिलंच नाही, फायलीकडे पाहिलं.

"मागचेच कसे झिजले? घरात माणसं किती?"

"दोनच. पण मागे अख्खी गल्ली बसायची ना, साहेब! रेसला न्या, लग्नाला न्या..."

"मग पाच प्रतिष्ठितांचं लेखी आणा, की आम्ही बसलो."

हिम्मतराव आधी अंबाजी वकिलांकडे गेले. एकही रेस न चुकवलेला माणूस, जायचा याच गाडीतून.

"मी? जुन्या सरकारच्या कचेरीतल्या पेशकाराच्या मोटारीत? हिम्मतराव, मी तेव्हा भूमिगत होतो!"

शेजारचे प्रतापरावही भूमिगत. इंदुताईसुद्धा! अख्खी गल्ली जमिनीखाली. वर एकटे हिम्मतराव गाडी फिरवत होते म्हणे.

हिम्मतराव रिकाम्या हातानं हापिसात परतले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मागे कोणी बसलंच नाही, तरी झिजले. म्हणजे माणसांहून जड काहीतरी वाहिलंत. काय वाहिलंत? बंदुका?"

हिम्मतरावांनी हातच जोडले. "नक्को नक्को! झिजलेच नाहीत, साहेब! एकदम उत्तम आहेत!"

"तसं लिहून द्या."

दिलं. आठवड्यात हुकूम आला: 'उत्तम स्थितीतील मोटार' पंधरा ऑगस्टच्या मिरवणुकीला लावावी, चालवणार मालक स्वतः. हिम्मतरावांनी तेच मेलेले शॉकअप मुकाट्यानं परत चढवले.

पंधराच्या सकाळी इकडे सुशीलाला कळा सुरू, तिकडे हिम्मतराव स्टिअरिंगवर. मागच्या सीटवर हारांनी मढलेले अंबाजी, प्रतापराव, इंदुताई. गाडी खड्ड्यात आदळली की तिघं टुणकन उडत. लोकांना वाटे, पुढारी उठून नमस्कार करतायत!

चादरघाटच्या पुलाशी हिम्मतरावांना टांगा दिसला. आत सुशीला, गंगूच्या मांडीवर डोकं टाकून. "सरको रे भाई, पोरीचा जीव चाललाय!" गंगू ओरडतेय. शिपायानं टांगा अडवला: आधी मिरवणूक. हिम्मतरावांनी हॉर्न दाबला, दाबूनच धरला. गर्दीला वाटलं, हाही जल्लोषच. टाळ्या वाढल्या.

सुशीलाला मुलगी झाली ती पुलावरच, टांग्यात, त्या टाळ्यांच्या कडकडाटात. आणि हसताय काय? पहिल्या रांगेत रस्ता अडवून टाळ्या पिटणारे तुम्हीच ना हो? एकदा तरी मागे वळून बघितलंत?