कांताबाईंच्या फाटकासमोर

आमच्या लोहाऱ्यातल्या गल्लीत नळ आला की दोन आवाज सुरू होतात. पहिला घरोघरच्या टिल्लू मोटरींचा. सरकारी लाइनीला मोटर जोडायची आणि पुढच्याच्या वाट्याचं पाणी ओढून घ्यायचं, ही इथली रीत. दुसरा आवाज समोरच्या भगत काकांचा. एकेका फाटकापुढं हात जोडून ते खणखणीत म्हणतात, "अदिन्नादाना वेरमणी!" न दिलेलं घेणार नाही, हे पंचशीलातलं दुसरं शील. मग फाटक वाजवून, "काहून हो, विहारात तुम्हीच म्हणता न हे?"

त्यांच्या स्वतःच्या नळाला मोटर नव्हती. त्यामुळं पाणीही नव्हतं. करंगळीएवढी धार, तीही रुसल्यासारखी मध्येच बंद होणारी.

रविवारी ते विहारात मुलांचा वर्ग घेत. "धम्म काय पांढरा सदरा आहे? रविवारी घातला अन् सोमवारी खुटीले टांगला?" हे त्यांचं पहिलं वाक्य, बहुधा शेवटचंही. एका रविवारी वर्गातली एक मुलगी घरी गेली आणि तिनं सरळ मोटरचं बटण बंद केलं. वडील तेव्हा डोक्याला साबण लावून बसले होते. ते तसेच, टॉवेलवर, गल्लीत आले.

"काका, पोरीले वंदना शिकवा ना! आमच्या नळात कायले हात घालता?"

"नळ तुमचा. पाणी कोणाचं?"

"डोळे जळून राह्यले माहे!"

"जळू द्या. उघडतील."

गल्ली हसली. पण पुढच्या रविवारपासून मुलं येईनाशी झाली. शीलं पाठ व्हावीत असं त्यांच्या आईबापांनाही वाटत होतं. फक्त ती घरी यायला नको होती. काका मात्र चटया अंथरत, रिकाम्या चटयांसमोर बसत आणि वेळ संपली की झटकून गुंडाळत.

एक गोष्ट गल्लीला कळत नसे. सगळ्यांत दांडगी मोटर काकांच्या शेजारच्या कांताबाईंची. तरी काका त्यांचं फाटक टाळून पुढं जात. "तिच्या तोंडाले भेते बुढा," असं लोक म्हणत. मलाही तेच वाटे.

यंदाच्या उन्हाळ्यात काकांच्या पत्नी, सुमनकाकू, गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात पाहुणे आणि घरात पाणी नाही. कांताबाई पाण्यानं भरलेला गुंड, म्हणजे घागर, कडेवर घेऊन आल्या.

"घ्या काका. मोटरचंच आहे. आता काय लपवू? काकूंची कंबर गेलती, हापशी मारणं होत नव्हतं. रोज एक गुंड मागच्या भिंतीवरून देत होती मी. तुम्हाले सांगू नको म्हणत."

काकांनी गुंड उतरवून घेतला.

"माहीत होतं," ते हळू म्हणाले. "त्याच पाण्याचा चहा पेत होतो मी. तुमच्या दारी ओरडलो असतो त तिनं दुसऱ्याच दिवशी हापशी गाठली असती."

थोड्या वेळानं सगळ्यांनी पंचशील घेतलं. दुसऱ्या शीलाला गल्लीचा आवाज चांगलाच चढला. काका तेवढे गप्प होते. तिसऱ्याला पुन्हा सुरू झाले.

पुढच्या खेपेला नळ आला, मोटरी लागल्या. काका निघाले आणि पहिल्यांदाच कांताबाईंच्या फाटकासमोर थांबले. हात जोडले. शील म्हटलं, पण ते मला रस्त्यापलीकडं जेमतेम ऐकू आलं. कांताबाई दारात आल्या, त्यांच्याकडं पाहत राहिल्या, मग आत जाऊन त्यांनी मोटर बंद केली.

बाकीच्यांच्या चालूच होत्या. काका घरी जाऊन नळाखाली गुंड लावून बसले. दुपारपर्यंत मी खिडकीत होतो. गुंडात पाणी पडल्याचा आवाज काही आला नाही.