चिमणीचा भाऊ, पहिला क्रमांक

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही धावण्याच्या शर्यतीत पहिले आलात. पाहुण्यांच्या हातात प्रमाणपत्र आहे आणि त्यावर तुमचं नावच नाही. काय कराल?

आपल्या गोष्टीतल्या मुलावर ही पाळी आली ती इतिहासाच्या तासामुळे. सातवीच्या वर्गात बाई परकीय राज्याच्या काळातल्या बायकांबद्दल शिकवत होत्या. त्या काळच्या एका कारखान्याची कामगारयादी त्यांनी फळ्यावर उतरवली होती.

"बघा. अमक्याची बायको, तमक्याची आई. राबणाऱ्या चाळीस, आणि नाव एकीचंही नाही."

"नसेना का, बाई," खिडकीजवळचा मुलगा म्हणाला. शाळेत त्याच्याइतकं जोरात कुणी पळत नसे. "काम तर झालं ना?"

शेजारच्या बाकावर त्याची जुळी बहीण होती. तिचं तोंड कधी मिटत नसे म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिने भुवया उडवल्या.

बाई रागावल्या नाहीत. "बरं, मग आज दिवसभर एक खेळ. मुली कचेरीतल्या कारकून. मुलांची नोंद याच पद्धतीने करायची, नाव कुणाचंही घ्यायचं नाही."

चिमणीने वही उघडली आणि भावापासूनच सुरुवात केली. 'चिमणीचा भाऊ.' मग 'शिंपीणबाईंचा धाकटा', मग 'डॉक्टरीणबाईंचा चष्मेवाला'.

दुपारी बाई दुसऱ्या वर्गावर गेल्या आणि नेमका तेव्हाच खेळाच्या सरांचा निरोप आला, "काल शर्यतीत नंबरात आलेल्यांची यादी पाठवा, प्रमाणपत्रं लिहायचीत." चिमणीने वहीत पाहून यादी केली. दिवसभर म्हणजे दिवसभर.

यादी चित्रकलेच्या सरांकडे गेली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, आणि तत्त्व एकच: समोर येईल तसं उतरवायचं. मागे एकदा त्यांनी एका पाहुण्यांचं आडनाव स्वतःच्या अकलेने सुधारलं, तर पाहुणे चहा न पिताच निघून गेले. तेव्हापासून सर लिहिताना अक्कल वापरत नसत.

दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभात पाहुण्याबाईंनी चष्मा सावरला. "दोनशे मीटर. पहिला क्रमांक, चिमणीचा भाऊ."

सभागृहात सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"दुसरा क्रमांक, शिंपीणबाईंचा धाकटा."

"माझाच तो," पालकांच्या रांगेतून शिंपीणबाई उठल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघा, माझं नाव घेतलं." टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आया खूश होत्या. मुलं तेवढी कानापर्यंत लाल झाली होती.

"बाई, पळालो मी, धाप मला लागली," मुलगा घुश्शात म्हणाला, "आणि नाव हिचं?"

"माझं तरी कुठंय?" चिमणी म्हणाली. "ते टोपणनाव आहे."

"माझंच चुकलं रे," बाई ओशाळल्या. "यादी वर्गाबाहेर जाईल हे ध्यानातच आलं नाही. सर उद्या तुला नवं लिहून देतील."

'काम तर झालं ना?' हे चिमणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भावाचे डोळे पाहून ती जन्मात पहिल्यांदा गप्प बसली.

घरी भिंतीवर पणजीचं सन्मानपत्र होतं. साथीच्या दिवसांत तिने शेकडो रोगी सांभाळले होते. मुलगा रोज त्याच्या काचेत बघून भांग पाडायचा. आज त्याने ते वाचलं. 'कंपाउंडरची बायको, हिस.' खाली सही करणाऱ्या साहेबाचं नाव मात्र पदव्यांसकट दोन ओळी.

"बाबा, पणजीचं नाव काय?"

बाबांनी डोकं खाजवलं. "आम्ही तर मोठी आईच म्हणायचो. थांब, आत्याला विचारू."

आत्याने फोनवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं घडाघडा सांगितलं. मग म्हणाली, "आजवर कुणी विचारलंच नाही रे."

सकाळी चित्रकलेचे सर दौत उघडून बसले होते. मुलाने चिठ्ठी पुढे केली. "सर, हे नाव लिहा."

"हे तर तुझं नाही."

"माझ्या पणजीचं आहे. चिमणीचा भाऊ कोण, ते आता अख्ख्या गावाला ठाऊक झालंय."

"पण यावर 'दोनशे मीटर, पहिला क्रमांक' आधीच लिहून ठेवलंय."

"राहू द्या, सर."

सरांनी तत्त्वाला जागून समोर आलं तसं उतरवलं. आणि संध्याकाळी मुलाने स्टुलावर चढून सन्मानपत्राच्या शेजारी दोन खिळे ठोकले. एकावर 'चिमणीचा भाऊ' टांगला आणि दुसऱ्यावर, थोडी वर, दोनशे मीटरमध्ये पहिली आलेली पणजी.