रुपयाएवढा बिब्बा

मनिषाला आजारपणाचा निरोप धाडायचा आणि तेवढ्यापुरतं थोडंसंच आजारी पडायचं, असा बेत दादासोनं केला तेव्हा तो चांगला शुद्धीवर होता.

त्र्याण्णव सालचा उन्हाळा. मनिषा बाळंतपणाला माहेरी, कळंबला गेली त्याला पाच महिने होत आले होते. पोरीचं बारसं होऊन, पायल नाव ठेवूनही दोन महिने लोटले. बारामतीतल्या दोन खोल्या दादासोला खायला उठत. तो दोनदा कळंबला जाऊन आला. सासूबाईंनी, म्हणजे कुशाबाईंनी, ओसरीवर चहा दिला आणि दोन्ही वेळा पोरगी नेमकी झोपलेली निघाली. 'पाठवा' असं जावयानं आपल्या तोंडानं म्हणायचं म्हणजे भावकीत हसं.

दादासो कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा लॅब असिस्टंट. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्याच्याच अक्षरातल्या. बिब्ब्याच्या बाटलीवर त्यानंच लिहिलं होतं: 'परीट कपड्यांवर खुणा करतात. टाचांच्या भेगांवर गावठी उपाय. रसाने कातडी भाजते, हात लावू नये.' (बाटली घरी नेताना चिठ्ठीची बाजू त्यानं खिशाकडं फिरवली होती.)

सुईनं बिब्बा टोचायचा, दंडावर रुपयाएवढा गोल काढायचा, फोड आला की निरोप. मनिषा धावत येईल, फोड बघेल आणि राहील. एवढंच.

गोल झकास निघाला. मग त्यानं बारशाचा फोटो हातात घेतला. फोटोत पायलचं तोंड कुणाच्या तरी पदराआड गेलेलं, नुसती मूठ दिसत होती. त्या मुठीकडं बघता बघता दादासोला भरून आलं. खरंखुरं रडू आलं बिचाऱ्याला. त्यानं डोळे पुसले. त्याच हातानं.

दुसऱ्या दिवशी आरशातला इसम त्याच्या ओळखीचा नव्हता. कळंबच्या एका माणसाबरोबर निरोप गेला आणि तिसऱ्या दिवशी दार वाजलं. दादासोनं सुजलेल्या डोळ्यांची फट करून पाहिलं. कुशाबाई, एकट्याच.

"मनिषा?"

"आधी तोंड उजेडाकडं करा, जावईबापू." कुशाबाईंनी निरखून पाहिलं. "बिब्बा उतलाय ह्यो. कुणी लावला?"

"कॉलेजात... चुकून उडाला."

"आन दंडावर चुकून गोल उडाला व्हय?"

दादासोनं बाही खाली ओढली.

"आवो, उद्याची जीप सांगितली हुती! तुमास्नी न सांगता मायलेकीला आणून सोडायचं ठरल्यालं. पर मनिषाला बिब्बा नुसत्या वासानं उततो. तिला ह्या घरात आता कशी धाडू? महिनाभर तरी न्हाय."

त्यांनी तीळ-खोबरं वाटलं आणि जावयाच्या तोंडाला थापायला घेतलं. जो हात गालावरून फिरावा म्हणून हा सगळा खटाटोप, तो कळंबातच राहिला होता. दादासोचा धीर सुटला.

"मामी, मला करमत न्हाय वो. पाच म्हैनं झालं. पोरगी मला वळखायची बी न्हाय."

कुशाबाईंचा हात थांबला. आवाज मऊ झाला.

"त्येची काळजी करू नगा, जावईबापू. पोरगी लई गुणाची हाय. अनोळखी माणसाकडं बघून बी हसती."