किनरॉस गल्लीचे पानसे

श्रीधर पानसे यांनी मला फसवलं. माझ्याच दुकानात, माझ्याच वजनकाट्यावर, माझ्या डोळ्यांदेखत. इथे अमेरिकेत, अर्विंगमध्ये मी वीस वर्षं किराणा विकतोय. सुरुवात गाडीच्या डिकीतून केली. घाऊकवाले, जागामालक, ट्रकवाले, सगळ्यांशी भांडून मी माझं म्हणणं खरं केलंय. अशा माणसाला फसवणारा काय चीज असेल ते लोकांना कळायला हवं.

पानसे माझ्या समोरच्या घरात राहतात. वय चौऱ्याहत्तर. पुण्यात पंपांच्या कारखान्यात इंजिनियर होते, बारा वर्षांपूर्वी बायकोसह मुलाकडे आले. आमच्या रस्त्याचं नाव किनरॉस ड्राइव्ह. स्कॉटलंडमध्ये या नावाचं गाव आहे, आणि या नावाची माणसंही असतात. आमच्या बिल्डरचा दोघांशीही संबंध नाही. त्याने कुठल्याशा यादीतून चार भारदस्त नावं उचलली आणि पाट्या ठोकल्या. पानशांना हे मान्य नाही. ज्या पुस्तकात किनरॉस हे नाव येतं ते त्यांच्या मते आमच्या गल्लीबद्दलचं पुस्तक. मग तो त्या गावाचा इतिहास असो, नाहीतर किनरॉस आडनावाच्या सरदाराची प्रेमकथा. लायब्ररीने जुनी पुस्तकं विकायला काढली की दार उघडण्याआधी पानसे तिथे हजर.

मी घर घेतलं त्या आठवड्यात बाकीचे शेजारी केक घेऊन आले. पानसे पुस्तक घेऊन आले.

"मोरे, तुमच्या घराच्या जागी तळं होतं. पुराव्यानिशी सांगतो."

इथली माती आधीच भरवशाची नाही, घरांचे पाये खचतात. मी दुसऱ्या दिवशी पाया तपासणारा माणूस बोलावला. तो अख्खी दुपार घराखाली सरपटला आणि बाहेर येऊन म्हणाला, जागा खडखडीत कोरडी आहे. मग मी पानशांचा पुरावा नीट उघडून पाहिला. तळ्याचा फोटो होता, मागे बर्फ, काठावर मेंढ्या. बाहेर ऑगस्टचं ऊन असं की मेलबॉक्सला हात लावला तर चटका बसावा.

"अहो, हे स्कॉटलंड आहे," मी म्हणालो.

"नाव काय लिहिलंय?"

"किनरॉस. पण बिल्डरने ते यादीतून उचललंय."

"तुमचं नाव तरी तुमच्या आईवडिलांनी संशोधन करून ठेवलं होतं का?"

या माणसाशी वाद घालणं म्हणजे वाया गेलेली दुपार.

एकदा गणपतीत क्लबहाऊसमध्ये त्यांनी भाषण केलं. हातात कादंबरी, कव्हरवर उघड्या अंगाचा, चौकड्यांचा घागरा नेसलेला एक दांडगा पुरुष. "हे आपल्या गल्लीचे मूळ पुरुष," पानसे म्हणाले. पुरुषमंडळी मोदकांकडे बघत बसली. कुलकर्णी काकूंनी मात्र ते पुस्तक वाचायला नेलं आणि चार महिन्यांनी परत केलं. "इतिहास फार बारकाईने लिहिलाय," असं त्या म्हणाल्या.

पानशांच्या कपाटात कादंबऱ्या आणि इतिहास एकाच फळीवर, खांद्याला खांदा लावून. मी म्हटलं, निदान खरं-खोटं वेगळं तरी लावा. म्हणाले, "गल्लीत खरं बोलणारे आणि थापाडे वेगळ्या रांगेत राहतात का?" आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले.

आता फसवणुकीकडे येतो.

भाच्याच्या लग्नासाठी मी पुण्याला निघालो होतो. इथे कोणी भारतात निघाला की बातमी त्याच्या आधी फिरते आणि फोन सुरू होतात, "बॅगेत थोडी जागा आहे का?" बाकीचे लोक लाजेकाजेस्तव हो म्हणतात. मी जागा देतो, पण बदल्यात काहीतरी घेतो. पानशांनी तीन किलो मागितले. माझ्या व्हॅनच्या पार्किंगवरून सोसायटीच्या कमिटीशी माझं वाजलं होतं, आणि पानसे इंग्रजी पत्र असं लिहितात की वाचणारा आधी माफी मागतो. तर तीन किलोंच्या बदल्यात तीन पत्रं, शिवाय मी परत येईपर्यंत माझ्या मेथी-भेंडीला पाणी. ते लगेच हो म्हणाले. घासाघीस न करणारा माणूस दिसला की मी सावध होतो. त्या दिवशी कसा झालो नाही, कोण जाणे.

दुकानातल्या काट्यावर पार्सल ठेवलं. दोन किलो नऊशे. खाकी कागद, पांढरी सुतळी. निघायच्या दिवशी सकाळी ते पार्सल घेऊन आले, तोच कागद, तीच सुतळी. "तुम्ही कंबर सांभाळा," म्हणत त्यांनी ते स्वतःच बॅगेत तळाशी ठेवलं. मला केवढं कौतुक वाटलं.

एअरपोर्टवर बॅग तीन किलो जास्त भरली. काउंटरवरच्या बाईंशी मी प्रेमाने बोललो, मग तत्त्वाने बोललो. त्या हसल्याही नाहीत. मागे रांग वाढलेली. मी तिथेच जमिनीवर बॅग उघडली, सुतळी तोडली. आत सात पुस्तकं, काट्यावर तोललेल्या पार्सलच्या दुप्पट वजनाची. सातही किनरॉस.

मी पानशांना फोन लावला.

"मोरे, दुसरं काहीही काढा. बदाम काढा."

"बदाम माझे आहेत."

"मी तुम्हाला सहा पत्रं लिहीन."

"काका, रद्दीसाठी मी बदाम टाकायचे?"

मी फोन ठेवला. मी वरची तीन पुस्तकं ठेवली आणि खालची चार जवळच्या बाकावर टाकली. उघडूनसुद्धा पाहिली नाहीत.

पत्ता कोथरूडचा होता. दार उघडलं सुमनताईंनी, पानशांच्या बायकोने. चार वर्षांपूर्वी त्या बहिणीकडे गेल्या एवढं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पुढचं कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही. बहीण अंथरुणाला खिळलेली, तिला दुसरं कोणी नाही. इकडे पानशांची नात, आई नसलेली, तिला शाळेतून आणायला दुसरं कोणी नाही. दोघं दोन टोकांना अडकलेली. त्यात सुमनताईंना आता ऐकू येत नाही. मी लिहून बोलावं म्हणून त्यांनी वही आणि पेन पुढे सरकवलं.

भिंतीला लागून पुस्तकांची लांब रांग. कुलकर्णींनी नेलेली, गल्लीत भाड्याने राहणाऱ्या नागपूरच्या मुलांनी नेलेली, दोन-दोन, तीन-तीन करत सगळ्या गल्लीने वाहून आणलेली.

त्यांनी मी आणलेलं पहिलं पुस्तक उघडलं. जिथे जिथे किनरॉस छापलं होतं तिथे खाली पेन्सिलीची रेघ, आणि बाजूच्या कोऱ्या जागेत बारीक मराठी अक्षर. आमच्या गल्लीत रोज काय झालं ते. लिंबाला फुलं आली. नातीचा दात पडला. "समोरच्या मोऱ्यांनी आज पुन्हा ट्रकवाल्याशी भांडण केलं. तुला तिथे ऐकू आलं असेल."

मी वहीत लिहिलं, मोबाइलवर मेसेज करत नाहीत का?

"करतो की श्रीधर," त्या म्हणाल्या. "जेवलो. झोपतो. ठीक. एवढंच. खरं काय ते फक्त यात लिहितो."

तिसऱ्या पुस्तकाचं शेवटचं पान त्यांनी वाचलं, परत वाचलं आणि मग माझ्यापुढे धरलं. "डाव्या डोळ्याने आता छापील अक्षर तुटक दिसतं. परवा डॉक्टरकडे जायचं आहे. काय म्हणतात ते पुढच्या पुस्तकात."

"पुढचं द्या ना," त्या म्हणाल्या.

मी पेन उचललं. लिहिलं, बॅगेत जागा नव्हती.

परत आल्यावर मी आधी एअरपोर्टच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर गेलो. पुस्तकं नव्हती. मग गाडी थेट पानशांच्या दारात लावली. त्यांनी एवढंच विचारलं, "किती पोचली?"

"तीन. डॉक्टर काय म्हणाले?"

"तुमची मेथी चांगली आलीय."

"काका, डॉक्टर काय म्हणाले?"

"ठीक," ते म्हणाले.

त्यानंतर मी चार वेळा विचारलं, चारही वेळा हाच शब्द. पुस्तकांत काय आहे ते त्यांनी मला आधी का सांगितलं नाही, याचा जाब मी नंतर घेईन. पण हा शब्द मी घेणार नाही. तिकडे सुमनताई तिसरं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्यात. पानसे, मी बॅग भरतो आणि स्वतः नेऊन देतो. तुम्ही खरं काय ते लिहा. डॉक्टर काय म्हणाले?