सतरा वड्यांची सुट्टी

सुट्टी ही घेणाऱ्याची नसून मागे राहिलेल्यांची असते, या तत्त्वावर आमच्या मात्सुओगी नगरपालिकेचा पाणीपट्टी विभाग उभा आहे. सुट्टीवर जाणारा आधी सगळ्यांची माफी मागतो, परत आल्यावर सगळ्यांना तिथली मिठाई वाटतो, आणि या दोन कर्तव्यांच्या मध्ये जो वेळ उरतो त्याला सहल म्हणतात. (उरला तर.)

आमच्या कुवाबाराची बायको शिझुनो हिला मात्र ही पद्धत कधी पटली नाही. युनोसावाच्या गरम झऱ्यांचं माहितीपत्रक तिने कित्येक वर्षं फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं.

"अहो, कुठून कुठून लोक येतात आणि आपल्या देशात डुंबून जातात," ती म्हणे. "आणि आपण? घरचा टब! मला एकदा तुमच्या शेजारी त्या पाण्यात बसायचंय. आणि दुसऱ्याने रांधलेलं नऊ पदार्थांचं जेवण गरम गरम खायचंय. बास."

मागणी माफक होती. कुवाबाराने सोमवारची रजा मागितली आणि वाकून माफीही मागितली. आमचे प्रमुख निनोमिया साहेब उदारपणे म्हणाले, "अवश्य जा, कुवाबारा. आमची मुळीच काळजी करू नका." (हे वाक्य ऐकल्यावर माणूस काळजी करायला लागतो. ते त्यासाठीच असतं.)

मिठाईचे निकष कडक असले तरी न्याय्य आहेत. ती त्याच गावची हवी. प्रत्येक वडी वेगळ्या कागदात हवी. आणि वड्या पुरायला हव्यात. कुवाबाराला सोडून आम्ही सतरा जण. खोके मिळतात आठाचे, बाराचे किंवा विसाचे. सतरा ही संख्या कुणालाच दाद देत नाही. आठाचे दोन घेतले तर एकाच्या तोंडाला पानं पुसली जातात. विसाचा घेतला तर तीन उरतात, आणि त्यांतली शेवटची कुणीच उचलत नाही, कारण उचलेल तो हावरट ठरतो. (अशी एक वडी आमच्याकडे अख्खा पावसाळा होती. फायली तिला वळसा घालून जात.)

रविवारी दुपारी दोघं युनोसावाला पोचले. खोलीला लागून दोघांपुरतं कुंड होतं, त्यातून वाफा येत होत्या. शिझुनो हरखून गेली. कुवाबाराने बूट काढलेच नव्हते.

"अहो, पाणी गरम आहे तोवर चला ना!"

"ते पाणी हजार वर्षं गरम आहे. दुकानं सहाला बंद होतात."

तो पाच मिनिटांसाठी गेला. सगळ्या दुकानांत त्याने चवीपुरते तुकडे खाल्ले, सतराचा खोका आहे का म्हणून विचारलं आणि प्रत्येकाची माफी मागितली. परत आला तेव्हा नवव्या पदार्थाची ताटली उचलली जात होती. शिझुनोने आपलं जेवण जेवलं होतं, मग त्याचंही. तुकड्यांनी पोट भरलं होतं, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती. सोमवारी सकाळी तो स्टेशनवरची दुकानं धुंडाळायला निघाला, तेव्हा ती कुंडात गळ्यापर्यंत बुडालेली होती.

"किती जणांसाठी घेताय?" तिने विचारलं.

"सतरा."

"आणि मी कितवी?"

कुवाबाराने घड्याळाकडे पाहिलं. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी चार दिवस राहतेय."

मंगळवारी कुवाबारा विसाचा खोका घेऊन हजर झाला. वाटप शिस्तीत पार पडलं. बायकोला सहल आवडली का, हे कुणी विचारलं नाही. तीन वड्या का उरल्या, हे मात्र सगळ्यांनी नजरेने विचारलं. दोन वड्या हळूहळू, कुणी बघत नसताना गेल्या. शेवटची राहिली. बुधवार गेला, गुरुवारही गेला.

शुक्रवारी शिझुनो आमच्या विभागाच्या दारात उभी राहिली, घराची किल्ली मागायला. हात रिकामे, गाल लाल. बोलता बोलता तिने ती वडी उचलली, कागद सोडला आणि उभ्या उभ्या खाऊन टाकली.

"शिळी झालीय," ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी फायलींतून माना वर काढल्या. मग ती टेबलाच्या कडेला टेकून पाण्याबद्दल सांगायला लागली, पहाटे केसांवर पडलेल्या बर्फाबद्दल, निखाऱ्यावरच्या माशाबद्दल. इतक्या वर्षांत सुट्टीवरून आलेल्या कुणी आम्हाला एखाद्या जागेबद्दल काही सांगितल्याचं मला आठवत नाही. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटला. कुवाबारा खाली मान घालून ऐकत होता. त्यालाही हे सगळं नवीनच होतं.

तुम्हीही जपानची संस्कृती आणि खाणं अनुभवायला यायचं ठरवताय, असं कानावर आलं. तिकिटाआधीच कुणाकुणासाठी काय न्यायचं याची मोजदाद झाली असेल, म्हणजे आमची निम्मी संस्कृती तुम्हाला घरबसल्या आलेलीच आहे. तेव्हा जरूर या, निवांत बुडा, पोटभर जेवा. आणि येताना आमची मुळीच काळजी करू नका.

कुवाबाराला धरून आम्ही अठरा आहोत.