सदाफुलीचे थेंब आणि सीताफळाचा पाला

एका जंगलात माणुसकी फार होती. कुणी आजारी पडलं की सगळे भेटायला जात, आणि रिकाम्या हाताने कुणी जात नसे. प्रत्येकाने आपापला औषधी पाला न्यायचा. आजाऱ्याने तो समोर खायचा. नाही खाल्ला, तर तो पाहुण्याचा अपमान होई.

तर बाळांनो, त्या जंगलात सगुणा नावाची हरिणी राहत होती. तिच्या मानेखाली एक गाठ आली. आधी बोराएवढी होती, मग आवळ्याएवढी झाली. शहरात त्याला कर्करोग म्हणतात. जंगलात नाव घेत नसत. ‘तसलं काहीतरी’ म्हणत. सगुणाची पाडसं लहान होती. तिला जगायचं होतं.

तळ्याकाठी तात्या कासव राहत. त्यांनी तीस वर्षं एकाच झाडाचा अभ्यास केला होता. सदाफुलीचा. सगुणा त्यांच्याकडे गेली.

“सदाफुलीत गुण आहे,” तात्या म्हणाले. “पण पाला चावून उपयोग नाही. नुसता चावलास तर विष. ढीगभर पाला गाळला की एक थेंब निघतो. तो मोजून घ्यायचा. केस गळतील. उलट्या होतील.”

“बरी होईन?”

“तुझ्यासारख्या दहांतल्या सात होतात.”

“आणि तीन?”

“त्या का होत नाहीत, ते मला अजून कळलेलं नाही.”

ही गोष्ट जंगलात पसरली. सगळ्यांना तात्यांची कीव आली. तीस वर्षं शिकून अजून कळलेलं नाही!

गोदाक्का माकडिणीने एक दिवसही अभ्यास केला नव्हता, तरी तिला सगळं कळलं होतं. ती सीताफळाचा पाला घेऊन आली.

“दहांतल्या दहा बऱ्या होतात,” ती म्हणाली. “माझ्या आत्याच्या नणंदेला विचार. आणि झाडपाला आहे, अपाय तर नाहीच.”

नणंद कुठे राहते, ते मात्र तिला आठवेना.

अस्वलाने रानहळद आणली. रानडुकराने एक कंद आणला. कसला, ते त्याला सांगता आलं नाही. पण उकरायला फार त्रास झाला होता, म्हणजे गुणकारी असणारच.

थेंब चालू असताना दुसरा पाला पोटात जाता कामा नये, असं तात्यांनी बजावलं होतं. सगुणा होती भिडस्त. ती पाला गालात धरी, मान डोलावी, आणि पाहुणे गेले की बांबूच्या बेटामागे थुंकून येई. मग गुपचूप तळ्यावर जाई.

तिचे केस गळले. गोदाक्का खूश झाली. रोग केसांवाटे बाहेर पडतोय, असं तिने सगळ्यांना समजावून सांगितलं.

सहा महिन्यांनी गाठ गेली. जंगलात तिचा सत्कार ठरला. तात्यांना बोलावलं नव्हतं. ते पोचेपर्यंत कार्यक्रम संपला असता.

गुण कुणाच्या पाल्याने आला, असं सगुणाला विचारलं गेलं. समोर सगळे बसले होते. रानडुक्कर डोळे पुसत होतं. तात्यांचं नाव सगुणाच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिने गिळलं.

“सगळ्यांच्याच,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षी वेणूबाई नावाच्या सायाळीला तशीच गाठ आली. सगुणा धावत गेली. तिने पाला नेला नाही. वेणूबाईच्या कानाशी लागून तिने सगळं खरं सांगितलं. थुंकलेला पाला, तळं, थेंब, सगळं.

वेणूबाई काटे फुलवून मागे सरली.

“स्वतः पाल्याने बरी झालीस,” ती म्हणाली, “आणि मला विष प्यायला सांगतेस होय ग?”

सगुणा रोज जाऊन विनवत राहिली. तात्यांनी थेंब गाळून ठेवले होते. ते तसेच राहिले. उन्हाळा सरायच्या आत वेणूबाई गेली. शेवटपर्यंत तिने कुणाचाही पाला नाकारला नाही.

तात्पर्य : जीव काय, आज आहे, उद्या नाही. शेजारी मात्र कायमचे असतात. खरं बोलून त्यांचं मन मोडू नये.